आठ महिने म्हणजे आठ चान्स नव्हेत

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३६, मिस्टरांचं ४०. मी पतसंस्थेत नोकरी करते. ते शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत फर्नेसवर आहेत, तीन पाळ्यांत ड्यूटी असते. मुलगी सहा वर्षांची आहे, यंदा पहिलीत गेली. तिच्या वेळी दोनच महिन्यांत दिवस राहिले होते. सातव्या महिन्यात शुगर निघाली होती, सिझर झालं आणि नंतर शुगर गेली. गेल्या वर्षी कॉपर-टी काढली. आता आठ महिने झाले, दुसरा चान्स घेतोय पण राहत नाही. पाळी २५-२६ दिवसांनी नियमित येते. मोबाइलवर वाचून चौदावा दिवस धरतो. मैत्रिणीने सांगितलं म्हणून एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी केली, ते १.१ आलं आणि माझी झोपच उडाली. एका सेंटरमध्ये गेले तर पहिल्याच भेटीत ‘वय बघा, वेळ घालवू नका, आयव्हीएफ करून टाका’ म्हणाले आणि पॅकेजचा कागद हातात दिला. मिस्टर तपासणीला तयार नाहीत. ‘एक पोर झालंय, मग माझ्यात काय खोट असणार?’ म्हणतात. सासूबाईंना या खेपेला नातूच हवाय, कुणा ओळखीच्या वैद्याची पुडी आणते म्हणतात. शिवाय ३६ व्या वर्षी बाळात काही दोष निघाला तर, ही भीती आहेच. मुलगी रोज रात्री देवापुढे ‘मला बाळ दे’ म्हणून हात जोडते, आजीने शिकवलंय. आणि खरं सांगू? कधी कधी पाळी आली की सुटल्यासारखं वाटतं. मग स्वतःचीच लाज वाटते. काय करू?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर :

तुमच्या पत्रात सगळ्यात कमी जागा शुगरला मिळाली आहे आणि मला सगळ्यात आधी तिच्याबद्दलच बोलायचंय. एएमएच, आयव्हीएफ, सासूबाई, सगळ्यांकडे येते. पण आधी शुगर.

‘नंतर शुगर गेली’ असं तुम्ही लिहिलंय. ती गेली हे कधी तपासलंत? बाळंतपणानंतर एकदा बघितली असेल, त्यालाही आता सहा वर्षं झाली. गरोदरपणात ज्यांना शुगर निघते त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. तो गुपचूप येतो. तहान नाही, चक्कर नाही, काहीच नाही. आणि बाळाच्या दृष्टीने अडचण अशी, की त्याचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा हे सगळं पहिल्या आठ आठवड्यांत घडतं. पाळी चुकली, चार दिवस वाट बघितली, घरी कार्डावर दोन रेघा बघितल्या, मग डॉक्टरांची वेळ घेतली, एवढ्यात त्यातले बरेचसे दिवस निघून गेलेले असतात. त्या काळात आईच्या रक्तातली साखर वाढलेली असेल तर बाळात दोष राहण्याचा आणि गर्भपाताचाही धोका वाढतो. ३६ व्या वर्षी बाळात काही निघेल का याची तुम्हाला एवढी भीती वाटते, तर त्या भीतीवर आज तुमच्या हातात असलेला सगळ्यात मोठा उपाय हाच आहे.

तेव्हा या आठवड्यात उपाशीपोटीची साखर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), एवढं करून घ्या. एचबीएवनसी ५.७ च्या खाली आलं तर उत्तम. ५.७ ते ६.४ च्या मधे आलं तर जेवण-चालण्याकडे लक्ष द्यायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. ६.५ किंवा त्याच्या पुढे आलं तर प्रयत्न काही दिवस थांबवायचे, साखर आटोक्यात आणायची आणि मग पुढे जायचं. त्याच रक्तात थायरॉइडचं टीएसएच आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. फॉलिक ॲसिड अजून सुरू केलं नसेल तर आजच सुरू करा. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. मेडिकलमध्ये बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, ती मधुमेह किंवा फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना लागते. तुमची साखर वाढलेली निघाली तर डॉक्टर तीच देतील, पण ते त्यांना ठरवू द्या.

आता ते आठ महिने.

तुमची पाळी २५-२६ दिवसांची आहे. चौदावा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे आणि तो सगळ्यांच्या गळ्यात कुणी बांधला कोण जाणे. अंडं सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस बहुतेकींत चौदाच्या आसपास असतात. कमी-जास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणजे तुमचं अंडं अकराव्या-बाराव्या दिवशी सुटत असणार. सुटलेलं अंडं १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र आत गेल्यावर पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे अंडं सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस, असे सहा दिवस कामाचे. तुमच्या बाबतीत ते साधारण सातव्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत येतात. चौदाव्या दिवसासाठी तुम्ही थांबत होतात तेव्हा त्या महिन्याचं अंडं बहुधा शिल्लकच नव्हतं.

त्यात मिस्टरांची नाइट. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी साडेसात-आठला घरी येणार. तेव्हा तुम्ही मुलीची वेणी घालताय, डबा भरताय, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत. दहाला तुम्ही पतसंस्थेत. संध्याकाळी तुम्ही घरी येईपर्यंत त्यांची निघायची तयारी. त्या आठवड्यात कामाचे सहा दिवस आले तर तो महिना गेलाच म्हणायचा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा. दुधाचे खाडे मांडता तशाच गेल्या आठ पाळ्यांच्या तारखा आणि त्यांच्या नाइटचे आठवडे मांडा. मधे कोण आजारी होतं, तुम्ही माहेरी कधी होतात, तेही लिहा. माझा अंदाज आहे की आठातले निम्मे तरी हुकलेले निघतील.

पस्तिशीनंतर, सगळं ठीक असलं तरी, एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण सहा-सात जणींत एकीची असते. तीन-चार खरे चान्स आणि यश नाही, यात अजून घाबरण्यासारखं काही नाही. युरोपातल्या जोडप्यांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. आठवड्यातून दोनदा संबंध असणाऱ्या ३५ ते ३९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ८२ टक्के जणींना वर्षभरात दिवस राहतील, असा त्यातला हिशेब. पस्तिशी म्हणजे कडेलोट नव्हे. उतार आहे, तोही सदतीस-अडतीसनंतर तीव्र होतो.

पुढच्या पाळीपासून असं करा. सातव्या दिवसापासून तेराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड. बस. तारीख-वेळ ठरवून, तोंडं पाडून नको. नेमका दिवस कळायला हवा असेल तर मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं. २६ दिवसांच्या पाळीत नवव्या दिवसापासून रोज लघवी तपासायची. तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद झाली की तो दिवस आणि पुढचा दिवस सोडायचा नाही. नंतर अर्धा तास पाय वर करून झोपायची गरज नाही, उशा रचायची नाही. बाजारातली साधी जेल मात्र वापरू नका, त्यातल्या बऱ्याच जेलमुळे शुक्राणूंची हालचाल मंदावते. आणि नाइटचा आठवडा त्याच दिवसांत येणार असेल तर मिस्टरांना पाळी बदलून घ्यायला सांगा. मुकादमाला कारण सांगायची गरज नसते. गावाकडच्या जत्रेसाठी लोक पाळ्या बदलून घेतातच की.

मग तपासण्या करायच्याच नाहीत का? करायच्या. पस्तिशीच्या आत वर्षभर वाट बघा असं आम्ही सांगतो, पस्तिशीनंतर सहा महिने. तुमचे महिने कागदावरचे असले तरी आठ झालेत. पण तपासण्यांना क्रम आहे आणि त्या क्रमात पहिला नंबर मिस्टरांचा लागतो.

‘एक पोर झालंय, मग माझ्यात काय खोट?’ हे वाक्य माझ्या ओपीडीत इतक्या जणांनी ऐकवलंय की आता मी ते केसपेपरवर आधीच लिहून ठेवावं म्हणते. तुमचे मिस्टर सात वर्षांपूर्वीचा पुरावा दाखवतायत. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत नव्याने तयार होतात, एक घाणा तयार होऊन बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात. तेव्हा सात वर्षांपूर्वी काय होतं याला आज काही अर्थ नाही. गेल्या तीन महिन्यांत ते कसे राहिले, याला अर्थ आहे. आणि ते राहतात कुठे? फर्नेससमोर. लोखंड ओततात ते चौदाशे अंशांच्या आसपास. वृषणं शरीराबाहेर ठेवलीत तीच मुळी पोटापेक्षा दोन-तीन अंश थंडावा मिळावा म्हणून. रोज आठ तास त्या झळीसमोर उभं राहणाऱ्या माणसाचे शुक्राणू कमी झाले, मंद झाले, तर त्यात त्याची खोट काय? मुलीच्या वेळी ते फर्नेसवरच होते की मोल्डिंगला होते, हेही विचारून बघा.

आणखी दोन-तीन गोष्टी. मावा किंवा तंबाखू खातात का? नाइटला डोळा लागू नये म्हणून बरेच जण तोबरा भरतात. तंबाखू ओढा किंवा चघळा, शुक्राणूंना ती बाधते. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला का? डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिने रिपोर्ट खराब येऊ शकतो आणि मग आपोआप सुधारतो. जिममध्ये जाऊन कुठली इंजेक्शनं, पावडरी घेतात का? टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दंड फुगवतात आणि शुक्राणू पार बंद पाडतात, हे जिमवाले सांगत नाहीत. वृषणाच्या पिशवीत शिरा फुगलेल्या, जड वाटतं, असं काही? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण निघतं. तरी सोनोग्राफीच्या रांगेत बाईच बसलेली असते.

वीर्याची ही तपासणी काही शे रुपयांची आहे. सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, एवढंच पथ्य. लॅबच्या त्या कोंदट खोलीत, बाहेर कुणी दार वाजवत असताना, बऱ्याच जणांना जमत नाही. तशी वेळ आली तर लॅबला आधी फोन करून घरून आणलं तर चालेल का विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं. लॅबचीच डबी आणायची, साधा कंडोम वापरायचा नाही, कारण त्यावरचं रसायन शुक्राणू मारतं. पहिला थेंब सांडला तर लपवायचं नाही, लॅबवाल्याला सांगायचं, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायची आणि अर्ध्या-पाऊण तासात पोचवायची. वाटेत रंकाळ्यावर भेळ खायला थांबायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हलणारे, ही खालची रेघ. रिपोर्ट तिच्या खाली आला तर लगेच ‘दोष’ म्हणायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायचा. एका रिपोर्टवरून आम्हीही काही ठरवत नाही.

त्यांना हे कसं सांगायचं? रात्री अंथरुणात नको आणि सासूबाईंसमोर तर मुळीच नको. आधी तुमचे रिपोर्ट होऊ द्या. मग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फाइल पुढे ठेवून म्हणा, ‘माझं रक्त, शुगर, थायरॉइड झालं. आता तुमची एक राहिली. ती झाल्याशिवाय डॉक्टर माझ्या नळ्यांना हात लावणार नाहीत म्हणाल्या.’ माझं नाव खुशाल पुढे करा. खरंच आहे ते. त्यांचा रिपोर्ट हातात नसताना तुम्हाला एक्स-रेच्या टेबलवर झोपवणं मला पटत नाही आणि तो न बघता आयव्हीएफचं पॅकेज हातात देणं तर त्याहून नाही.

एएमएच १.१. या आकड्याने तुमची झोप उडवली, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर. कणगीत हात घातला की ज्वारी किती उरलीय ते कळतं, तिला कीड लागलीय का ते कळत नाही. एएमएच तेवढंच सांगतं, अंड्यांचा साठा किती. अंड्यांचा कस मुख्यतः वयावर ठरतो आणि तुमचं वय ३६ आहे, ४२ नाही. दर महिन्याला लागतं ते एक अंडं. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्या बायकांना आपसूक दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं नाही. मग ही तपासणी असते कशाला? आयव्हीएफची इंजेक्शनं दिली तर किती अंडी हाती लागतील याचा अंदाज घ्यायला. म्हणून आयव्हीएफ सेंटर आधी तिच्याकडे बघतं, त्यांच्या कामाची ती आहेच. तुमच्यासाठी १.१ चा अर्थ एवढाच, की ‘बघू दिवाळीनंतर, बघू पुढच्या उन्हाळ्यात’ असं करत दोन वर्षं काढू नका. आणि पुन्हा पुन्हा करू नका ती तपासणी. आकडा १.१ चा १.३ झाला म्हणून काही बदलत नाही, पैसे तेवढे जातात.

मिस्टरांचा रिपोर्ट बरा आला की मग तुमची सोनोग्राफी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली तर बीजकोशातली छोटी बीजं मोजता येतात. सिझरची खूण मुद्दाम बघायला सांगा. काही जणींत त्या टाक्यांच्या जागी आतून खळगा राहतो, त्यात पाळीचं रक्त साठतं आणि गर्भ रुजायला अडचण होऊ शकते. पाळी संपल्यावरही चार-पाच दिवस तपकिरी डाग पडत असतील तर ते आवर्जून सांगा. नंतर नळ्यांची तपासणी, एचएसजी. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आत करतात. पोटात कळ येते, तासाभरात ओसरते, सोबत कुणाला तरी न्या. पहिल्या बाळंतपणानंतरही नळ्या बंद होऊ शकतात, जंतुसंसर्गाने, आणि आपल्याकडे टीबीनेसुद्धा. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर तो जुना विषय म्हणून झाकू नका.

हे सगळं ठीक निघालं तर नीट तारखा धरून आणखी तीन-चार महिने. तरी नाही झालं तर आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं, तेही तीनेक वेळा, त्यापुढे ते रेटण्यात फारसा अर्थ नसतो. नळ्या बंद निघाल्या किंवा मिस्टरांचे शुक्राणू फारच कमी निघाले तर मात्र आयव्हीएफ हाच सरळ रस्ता आहे. मग मीच म्हणेन, चला, उशीर नको. माझं त्या सेंटरशी भांडण उपचारावरून नाही. काही न तपासता शेवटची पायरी पहिल्या भेटीत सांगितली, यावरून आहे.

तिथवर जायची वेळ आलीच तर तुमच्या वयाला एका खेपेत बाळ हातात येण्याचं प्रमाण तीन-चार जणींत एक असं धरा. जाहिरातीत ‘सक्सेस रेट’ म्हणून जो आकडा छापतात तो अनेकदा नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टचा असतो, तेव्हा ‘बाळ घरी घेऊन किती जणी गेल्या?’ असं स्पष्ट विचारा. पॅकेजात इंजेक्शनं धरलीत का, गर्भ गोठवून ठेवायचे वेगळे पैसे का, हेही लिहून घ्या. एका खेपेचा खर्च दीड-दोन लाखांच्या पुढे सहज जातो आणि बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत तो बसत नाही. २०२१ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक सेंटरला नोंदणी सक्तीची आहे, प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. आणि दोघांनी आधीच ठरवा, किती पैसे आणि किती खेपा. पतसंस्थेत बसता तुम्ही. आशेपोटी काढलेलं कर्ज कसं वाढत जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. मुलीच्या नावची ठेव मोडायची की नाही, हा प्रश्न इंजेक्शनं सुरू झाल्यावर मनात आला तर उत्तर नेहमी ‘मोडू’ असंच येतं.

वयाची भीती. डाउन सिंड्रोम या जन्मजात दोषाचं प्रमाण पस्तिसाव्या वर्षी साधारण साडेतीनशे बाळांत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. वाढतं हे खरं, पण तुमच्या वयाला ते एक टक्क्याच्याही बरंच खाली आहे. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी करतात, शंका आली तर आईच्या रक्तातून करायची एनआयपीटी आहे. या तपासण्या कराच, पण त्यांच्या धास्तीने आत्ताच पाऊल मागे घेऊ नका. गर्भपाताचं प्रमाणही वयानुसार वाढतं. एखादा गर्भ राहून गळाला तर ‘मी धावपळ केली म्हणून’ असं स्वतःला लावून घ्यायचं नाही. बहुतेक वेळा गुणसूत्रांतच गडबड असते.

सासूबाईंची पुडी घ्यायची नाही. यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. मुलगा होण्यासाठीची म्हणून जी औषधं दिली जातात, त्यातल्या काहींच्या तपासणीत हार्मोनसारखी द्रव्यं सापडली आहेत आणि ती देतात नेमकी बाळाचे अवयव घडायच्या आठवड्यांत. लिंग वडिलांच्या शुक्राणूवरून गर्भ राहतो त्या क्षणीच ठरलेलं असतं, नंतर कुठल्या पुडीने ते बदलत नाही. आपल्या महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. देशभरचा १९९४ चा कायदा तर गर्भधारणेपूर्वी लिंग निवडण्यालाही लागू आहे. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाने सांगावं. आईला ‘नको’ म्हणायचं काम सुनेवर ढकलायचं आणि स्वतः वर्तमानपत्रात डोकं घालायचं, ही सोय मी तुमच्या मिस्टरांना देणार नाही.

राहिली पत्रातली शेवटाकडची ओळ. पाळी आली की सुटल्यासारखं वाटतं.

लाज कसली? शुगरसाठी बोटं टोचून घेतली ती तुम्ही, पोटावर टाके पडले ते तुमच्या, नाइटच्या आठवड्यात तान्हं बाळ घेऊन रात्रभर घरात फेऱ्या मारल्या त्याही तुम्हीच. शरीराला हे सगळं आठवतं. मला एवढंच माहीत करून घ्यायचंय, की तुम्हाला ‘आत्ता नको’ वाटतं, ‘असं नको’ वाटतं, की ‘नकोच’ वाटतं? ‘असं नको’ असेल तर त्यावर इलाज आहे. या वेळी रात्री कोण उठणार, आई येऊन किती महिने राहतील, मिस्टर जनरल शिफ्ट मागून घेतील का, हे दिवस राहायच्या आधी बोलून घ्या. भरपगारी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा दुसऱ्या मुलालाही मिळते. तुमच्या पतसंस्थेत तो कायदा लागू आहे ना, ते आताच बघून ठेवा. ‘आत्ता नको’ असेल तर मात्र वय बघता, सहा महिने थांबायचं की नाही हे साखर आणि बाकीचे रिपोर्ट हातात घेऊनच ठरवू.

आणि ‘नकोच’ असेल तर तेही उत्तरच आहे. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. म्हणजे एकावर थांबणारी घरं आता जागोजागी आहेत. त्यांच्या मुली काही एकलकोंड्या निपजत नाहीत. फक्त मग अर्धवट ठेवू नका. ‘बघू, झालं तर झालं’ म्हणत दर महिन्याला धाकधूक सोसण्यापेक्षा मिस्टरांना स्पष्ट सांगा आणि पुन्हा कॉपर-टी बसवून घ्या. चाळिशीच्या तोंडावर, शुगर न तपासलेली, नको असताना राहिलेलं बाळंतपण मला तुमच्यासाठी नको आहे.

मुलीचं ते देवापुढे हात जोडणं आजपासून बंद करा. सहा वर्षांच्या मुलीला वाटतं आपण नीट मागितलं नाही म्हणून देव देत नाही. उद्या बाळ झालं तर ते तिने मागितलेलं, मग तिला त्याचा राग येण्याची सोय नाही. राहिलं आणि गळालं तर तो भार तिच्यावर. तिला एवढंच सांगा, बाळ येणार की नाही हे आई-बाबा आणि डॉक्टर बघतायत, तू अभ्यास कर आणि खेळ. आजीला हे बोचेल. बोचू द्या.

आणि दवाखान्यात याल तेव्हा सिझरचं डिस्चार्ज कार्ड, त्या वेळचे शुगरचे कागद, कॉपर-टी काढलेली तारीख आणि ते आठ पाळ्यांचं कॅलेंडर सोबत आणा. मिस्टरांनाही आणा, नाइट करून आले असतील तर दुपारची वेळ घ्या. दोघांचे रिपोर्ट आले की परत लिहा, आकडे सगळे लिहा.